दोन सीटची उघडी गाडी आणि आपले मराठवाड्यातले रस्ते

बिनटपाचा (जालना)

गाड्यांच्या दुसऱ्या धाग्यावर सहज लिहून गेलो की माझ्याकडे सॅन स्टॉर्म ही दोन सीटची उघडी गाडी आहे, तर मूळ विषय राहिला बाजूला आणि सगळे हिच्याच मागे लागले. त्या धागाकर्त्याला आणखी त्रास नको म्हणून हा वेगळा धागा. ज्यांना फक्त 'किती देते?' एवढंच विचारायचंय त्यांना आधीच सांगतो: लिटरला गावात बारा-तेरा किलोमीटर, बाहेर पंधरा-सोळा. आता पुढचं बोलू.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन मोटर्स या भारतीय कंपनीने काढलेली ही गाडी. रेनोचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन, ताकद साधारण ६० बीएचपी, फायबरची बॉडी, दोन सीट, वर कापडी टप. खूप थोड्या बनल्या, नंतर बंद पडल्या. माझी गोवा पासिंगची होती, आता एमएच-२१ आहे.

हीच का घेतली? कारण कमी पैशात दोन सीटची उघडी गाडी म्हटल्यावर आपल्या देशात दुसरं काही सापडत नाही. माझदाची एमएक्स-५, म्हणजे मियाटा, १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली आणि २०१६ मध्ये त्यांची दहा लाखावी गाडी बाहेर पडली. एवढी खपलेली गाडी, पण माझदाने इथे कार विकायचं दुकान कधी मांडलंच नाही. जुनी मागवावी तर तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि ड्युटी गाडीच्या किमतीहून जास्त. बीएमडब्ल्यूची झेड४ आली होती, पण ती कमी पैशातली नाही. २०२५ मध्ये एमजीने सायबरस्टर आणली, बॅटरीवरची, दोन सीटची, उघडी, पण पाऊण कोटीच्या घरात. आमच्या मोंढ्यातल्या एखाद्या आडत्याला जमेल. थारचा कापडी टपाचा अवतार छान आहे, पण त्यात तुम्ही उंचावर बसता. ती मजा वेगळी, ही वेगळी.

माझं म्हणणं एवढंच आहे की असली गाडी जोरात पळवायला घ्यायची नसते. हलकी गाडी, बारकी चाकं, बूड रस्त्यापासून वीतभर वर. चाळीसच्या वेगातसुद्धा आपण काहीतरी करतोय असं वाटतं. समृद्धीवर जालन्याहून चढून शिर्डीच्या अंगाला जाऊन आलो. १२० ची मर्यादा आहे, गाडी शंभरच्या वर जाते, पण टप काढून त्या वेगात कानात नुसता घोंगाट, शेजारच्याचं एक अक्षर कळत नाही, आणि काँक्रीटवर टायरची जी एकसुरी गुरगुर चालते ती डोक्यात बसते. तेच दौलताबादहून खुलताबादच्या घाटात सकाळी सहाला जा. दुसरा गिअर, तिसरा गिअर, वडाच्या झाडाखालून गेलं की गारवा बदललेला डोक्याला कळतो. वेग विचाराल तर पन्नास. किल्ल्यापाशी रस्ता दरवाजातून जातो तिथं तर आपल्या इंजिनाचा आवाज भिंतीवरून परत येतो, आणि ११४९ सीसीचं इंजिन आपल्याला फार मोठं असल्याचा भास होतो.

दिवाळी ते होळी टप काढून फिरायचं, गुढीपाडव्यानंतर फक्त पहाटे. मे महिन्यात दुपारी काढणाऱ्याला मी वेडा म्हणेन. ४२-४३ अंशात काळं स्टिअरिंग धरवत नाही आणि बेल्टचं बक्कल मांडीला लागलं की डाग देतं.

विचारा काय ते.

गोदाकाठ (नांदेड)

भाऊ, एकच नंबर! फोटो टाका राव, फोटोशिवाय असले धागे काढायचे नसतात.

मला सांगा, वरातीला किती मागतात लोक? आमच्या गल्लीत एकाकडे उघडी जीप आहे, त्याला लग्नसराईत स्वतःच्या गाडीत बसायला मिळत नाही.

बिनटपाचा (जालना)

मागतात की! एकदा दिली, घरातलंच लग्न होतं. नवरा-नवरीला सीटवर बसायला सांगितलं होतं, पण सीटवर बसलं तर गर्दीत डोकीसुद्धा दिसत नाहीत एवढी गाडी बुटकी. मग फोटोवाल्याने दोघांना मागे घडी केलेल्या टपावर बसवलं. टपाच्या आत लोखंडी कमानी असतात, बिजागरीवर घडी होणाऱ्या. एक कमान वाकली. आता टप लावताना डाव्या बाजूला गुडघा टेकवून दाबावं लागतं तेव्हा खटका बसतो. त्यानंतर मी गाडी 'कामाला गेलीय' असं सांगतो.

सर्व्हेअर_एमएच२० (छ. संभाजीनगर)

गोदाकाठ, पांढऱ्या पाटीची गाडी पैसे घेऊन वरातीला दिली तर तो भाड्याने वापर झाला. परमिट नाही, आणि त्या वेळी काही झालं तर विम्यावालेही हात वर करतील.

विम्याचा विषय निघालाच आहे तर लिहितो, माझं रोजचं काम आहे ते. जुन्या गाडीचे पार्ट बदलले की घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, कापला जातो. रबर, नायलॉन, प्लास्टिक यावर ५० टक्के, फायबरग्लासच्या पार्टवर ३० टक्के, काचेवर काही नाही. या गाडीची बॉडीच फायबरची, त्यामुळे हिशेब आधीच करून ठेवा. बहुतेक मालक एवढ्या जुन्या गाडीला थर्ड पार्टीच घेतात आणि बाकी देवावर सोडतात.

घेणाऱ्याने चॅसी नंबर स्वतः वाकून बघावा. आरसीवरचा आणि लोखंडावरचा आकडा जुळतो का, पेन्सिलने कागदावर छाप काढून. फायबरची बॉडी काय, बदलता येते. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या कार्यालयाची एनओसी आणि बँकेचा बोजा उतरल्याचा कागद हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बारा महिन्यांहून जास्त काळ इकडे ठेवायची तर नंबर बदलावाच लागतो, आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. पंधरा वर्षं झालेली असेल तर पुन्हा पासिंग, ते दर पाच वर्षांनी, सोबत ग्रीन टॅक्स. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी पाटी, म्हणजे नवी सुरक्षा नंबरपाटी, लावून घ्यायची तीही आहेच. गाडी स्वस्तात मिळाली असं म्हणणाऱ्यांनी हा सगळा खर्च धरलेला नसतो.

उंडगा (बीड)

हे सगळं पाहता मला एक सुचतंय. माझ्याकडे जुनी झेन पडून आहे. तिचा पत्रा कापून मागच्या सीट काढल्या तर? वेल्डिंगवाला ओळखीचा आहे, दोन दिवसांत करून देतो म्हणतोय.

सर्व्हेअर_एमएच२० (छ. संभाजीनगर)

नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीने जशी बनवली त्यात असा मूळ बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी कडक शब्दांत सांगितलंय. आरसी रद्द होऊ शकते.

फायबरवाला (वाळूज)

उंडगाभाऊ, कायदा क्षणभर बाजूला ठेवा, गाडीच ऐकणार नाही. झेनला खाली वेगळी चॅसी नाही. फरशी, दोन्ही बाजूचे खांब आणि वरचा पत्रा मिळून एक पेटी आहे. जोर सगळ्या पेटीवर वाटला जातो. वरचा पत्रा कापला की सगळा भार फरशीवर आणि दाराखालच्या उंबऱ्यावर येतो. पहिल्या खड्ड्याला दार अडकेल, दुसऱ्याला पुढची काच तडकेल. जॅक लावला तर गाडी मधे वाकलेली डोळ्यांना दिसेल. कंपन्या जेव्हा बंद गाडीची उघडी आवृत्ती काढतात तेव्हा उंबरे जाड करतात, खाली आडव्या पट्ट्या घालतात, काचेच्या चौकटीत पाइप टाकतात. त्यात गाडीचं वजन उलट वाढतं. तुमचा वेल्डिंगवाला यातलं काय करणार आहे ते आधी विचारा.

बिनटपाचा यांची गाडी मुळात उघडी म्हणूनच आखलेली आहे, खाली लोखंडी चॅसी आहे, म्हणून चालते.

उंडगा (बीड)

बरं. कटर परत देतो.

सेलूकर (परभणी)

धागा आवडला. एका बाईच्या नजरेतून दोन गोष्टी.

आमच्या वडिलांकडे जिप्सी होती, कापडी टपाची. शेतावर, बाजाराला, सगळीकडे तीच, आणि मी गाडी शिकले तीही त्याच गाडीवर. उघड्या गाडीत केस मोकळे सोडून फिरायचं हे जाहिरातीत असतं. सेलू ते पाथरी मोकळ्या केसांनी या आणि नंतर कंगवा फिरवून दाखवा. डोक्याला दस्ती घट्ट बांधायची, गाठ मागे, आणि तिच्यावरून गॉगल. कापसाच्या दिवसांत हवेत तंतू उडतात ते नाकात जातात, म्हणून दस्तीचं एक टोक तोंडावर. काच दोन्ही बाजूंची वर ठेवायची. टप काढलेला असला तरी काचा वर असल्या की वारा पाठीमागून मानेत घुसतो तो निम्म्याने कमी होतो.

दुसरी गोष्ट, थंडी. आपल्या परभणीचा पारा पेपरात येतो तो उगाच नाही. डिसेंबरात पहाटे उघड्या गाडीत पायाशी हीटर आणि कानाला टोपी, एवढं असेल तर यासारखं सुख नाही. ज्वारीला हुरडा आलेला असतो, दोन्हीकडून ओल्या रानाचा वास येतो. बंद गाडीत तो वास काचेबाहेर राहतो.

घरात मात्र एक प्रश्न येणारच: पोरं कुठं बसवायची? त्याचं उत्तर काय दिलंत?

बिनटपाचा (जालना)

सेलूकरताई, काचा वर ठेवण्याचं अगदी बरोबर. आणि तो प्रश्न आमच्या आईने पहिल्याच दिवशी विचारला. मग विचारलं, 'डिक्कीत काय मावतं?' मी म्हटलं, एक पिशवी मोसंबी. तिने पुढे काही विचारलं नाही, देवळातून आणलेलं कुंकू बोनेटला लावलं आणि आत गेली.

उत्तर एकच आहे. घरात दुसरी गाडी असल्याशिवाय हिच्या नादी लागू नये. आमच्याकडे वॅगनआर आहे, सगळा संसार ती वाहते.

मांजरातीर (मूळ लातूर, सध्या पुणे)

थोडं अवांतर. जपानमध्ये छोट्या गाड्यांना करात सवलत होती म्हणून १९९१ मध्ये सुझुकीने कॅपुचिनो नावाची दोन सीटची उघडी गाडी काढली. ६५७ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो, आणि वजन सातशे किलोच्या आसपास. तिचं सुरुवातीचं इंजिन आपल्या मारुती ८०० च्या एफ घराण्यातलंच. त्याच वर्षी होंडाने बीट काढली, तीही ६५६ सीसीची. म्हणजे आपण ८०० मध्ये सहा माणसं कोंबून तुळजापूरला जात होतो तेव्हा तिकडे त्याच इंजिनाच्या भावावर लोक दोघंच टप काढून फिरत होते. मारुतीने ती इकडे आणली असती तर खपली असती का? मला नाही वाटत. आपल्याकडे गाडीची किंमत माणशी काढतात.

जायकवाडी (पैठण)

राग नका मानू, पण मला हे सगळं थेरच वाटतं. रस्ते नाहीत, प्यायला पाणी टँकरचं, आणि आपण दोन सीटच्या गाडीवर चर्चा करायलो. लोकांना दाखवायलाच घेतात ना असली गाडी?

गोदाकाठ (नांदेड)

जायकवाडीभाऊ, दाखवायलाच घ्यायची असती तर मर्सिडीज घेतली असती. २०१० मध्ये आपल्याच औरंगाबादकरांनी एका दिवसात १५० मर्सिडीज उचलल्या होत्या, ६५ कोटींच्या. अख्ख्या देशाच्या पेपरात आलं होतं. त्या मानाने हे पंचवीस वर्षांचं फायबरचं खेळणं काय दाखवणार!

बिनटपाचा (जालना)

जायकवाडी, राग कशाचा, प्रश्न रास्त आहे. दाखवायचंच म्हटलं तर ही गाडी फार वाईट. सिग्नलला उभा राहिलो की रिक्षावाला वरून खाली बघून विचारतो, 'काका, ही कंपनीतूनच अशी आली का कापून घेतली?' बुलेटवाला पोरगा मात्र वळून वळून बघतो, तेवढाच मान.

रस्त्याचं म्हणाल तर मान्य. काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता, पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, रस्ता आडवा लाटेलाटेने उठतो. ही गाडी त्यावरून आडवी-तिडवी न्यावी लागते. गतिरोधक हा सगळ्यात मोठा शत्रू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात तो दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर हवा. तसा असेल तर ही गाडी आरामात जाते. गावकऱ्यांनी अपघातानंतर रात्रीतून घातलेला जो असतो, हातभर रुंद आणि उभा, तिथं मी शेजारच्याला उतरवतो, तिरपं चाक घालतो आणि तरीही खालून खर्रर्र येतंच. अंबडच्या रस्त्यावरचे कुठले गतिरोधक कुठल्या कोपऱ्यातून पार होतात हे मला तोंडपाठ आहे.

आणि ऊस. कारखाने सुरू झाले की अंधार पडल्यावर ही गाडी मी बाहेर काढतच नाही. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रेडियम. मोठ्या गाडीत निदान हेडलाइट उंचावर असतात. हिच्यात बसल्यावर ट्रॉलीचा आस तुमच्या डोळ्यासमोर येतो, उसाची टोकं कपाळासमोर. एअरबॅग नाही, डोक्यावर पत्रा नाही. दिवसासुद्धा ट्रकच्या शेजारून जाताना त्याच्या चाकाचे नट मोजता येतात, आणि ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही हे धरूनच चालवायचं. बेल्ट गावातल्या गावातही लावतो.

फायबरवाला (वाळूज)

बॉडीबद्दल लिहितो, कारण कुणीतरी घेईलच. फायबर गंजत नाही, पण उन्हाने आणि धक्क्यांनी वरच्या थराला बारीक भेगा पडतात. बरेच पेंटर त्यावर पुट्टी मारून रंग देतात, सहा महिन्यांत भेग पुन्हा वर येते. दुरुस्ती आतून करायची. आतला भाग खरखरीत घासून काढायचा, ग्लास मॅटचे थर रेझिनमध्ये भिजवून बसवायचे, ब्रशने हवा काढायची, मग बाहेरचं काम. आपल्याकडे उन्हाळ्यात हार्डनर कमी टाकायचा, नाहीतर डब्यातच रेझिनचा दगड होतो. एप्रिलमध्ये आम्ही हे काम सकाळी नऊच्या आत उरकतो. आणि घरी करून बघणाऱ्यांनी कोबाल्ट (रेझिन लवकर आळावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट ओतू नये, भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण घोटायचं, मग दुसरं.

टपाचं काय केलंत?

बिनटपाचा (जालना)

टपाची गोष्ट मोठी आहे. मूळचा गेला होता आणि आधीच्या मालकाने कुणाकडून तरी रेग्झिनचा शिवून घेतला होता, तो पहिल्याच पावसात काचेच्या वरच्या कडेने गळला. पाणी थेट मांडीवर. पुण्या-मुंबईचे भाव विचारून बसलो होतो, मग आमच्याच गावात रिक्षाचे टप शिवणारा एक कारागीर भेटला. त्याने जुना टप उसवून सगळे तुकडे जमिनीवर मांडले, खडूने नंबर घातले, आणि म्हणाला शिलाई चुकलेली नाही, ताण चुकलाय. रिक्षाचा टप तो उन्हात लावतो, सावलीत नाही. कापड गरम असताना ताणून टिचबटणं ठोकायची, म्हणजे थंडीत आकसून आणखी घट्ट बसतं. आमच्याकडे त्याने अंगणात दुपारी दोनला काम धरलं. मागच्या प्लास्टिकच्या काचेला शिलाईच्या भोकांतून पाणी येऊ नये म्हणून आतून पट्टी चिकटवली. काचेच्या कडेचं रबर मात्र या गाडीचं मिळत नाही. ट्रकच्या रबराची दुकानं फिरून जुळतं चॅनल शोधलं, कापून लावलं.

तरी पाऊस लागलाच तर ऐंशीच्या वेगात टप नसतानाही अंगावर फारसं येत नाही, काचेवरून उडून मागे जातं. पण रेल्वे फाटक बंद मिळालं की संपलं.

सर्व्हेअर_एमएच२० (छ. संभाजीनगर)

जाता जाता, पेट्रोलचं बघा. आता पंपावर ई२० येतं, वीस टक्के इथेनॉल. नव्वदच्या दशकातल्या रबरी नळ्या त्याला टिकत नाहीत, आतून मऊ होऊन सुटतात. फायबरची बॉडी आणि पेट्रोलची गळती हे एकत्र नको.

बिनटपाचा (जालना)

घेतल्या घेतल्या टाकीपासून इंजिनापर्यंत सगळ्या नळ्या बदलल्या, इंजेक्शनच्या गाडीला चालणाऱ्या, क्लिपांसकट. गंमत बघा, ज्या उसाच्या ट्रॉल्यांना मी भितो त्याच उसाचं इथेनॉल माझ्या टाकीत. टायमिंग बेल्टही तेव्हाच बदलला. हे इंजिन रेनोने ट्विंगो आणि क्लिओत वापरलेलं, त्यामुळे आतले पार्ट परदेशातून मागवता येतात. आपल्याकडे महिंद्राबरोबर लोगन आली तिचं इंजिन वेगळं, तिचे पार्ट घेऊन कुणी आला तर घेऊ नका. इंजिनाने मला त्रास दिलेला नाही. पैसा जातो तो रबरात, कापडात आणि कागदपत्रांत.

उभी राहिली की उंदीर वायरी खातात. शेतातल्या शेडमध्ये ठेवणार असाल तर बोनेट रात्री उघडं ठेवा, उघड्या जागेत ते फारसे थांबत नाहीत, आणि बॅटरीची एक वायर काढून ठेवा.

जायकवाडी (पैठण)

वाचलं सगळं. थेर म्हणालो ते मागे घेत नाही, पण नाथसागराच्या बांधाकडे थंडीत पक्षी येतात तेव्हा एकदा घेऊन या. सकाळी सातच्या आत या, नंतर गर्दी होते. मी सहा फूट आहे, मावतो का त्यात?

बिनटपाचा (जालना)

टप लावून नाही. टप काढला तर मावाल, गुडघे डॅशबोर्डला लागतील. पाचोडपर्यंत रस्ता चांगला आहे, पुढचं तुम्ही सांगा, गतिरोधक किती आहेत?

जायकवाडी (पैठण)

व्यनि (खाजगी निरोप) केलाय. मोजून.